बिलोएला गावाने काय केले?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरणी वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्हाला विषय दिला आहे ‘संसार आणि धम्म’. सचिव म्हणाले, नवीन लग्न झालेली जोडपी येणार आहेत, त्यांना चार अनुभवाच्या गोष्टी सांगा. आता ज्याचा संसार २०२१ च्या एप्रिलमध्ये अर्ध्यावर मोडला, त्याने नवीन जोडप्यांना काय सांगावे? पण नाही म्हणायची आमची सवय नाही. त्रासन खात्यात बदली म्हणून लागलो तेव्हापासून, कुणी काम सांगितले की हो म्हणायचे आणि मग वाट काढायची, हीच रीत.

तेव्हा आम्ही दुसऱ्याच एका जोडप्याची हकीकत सांगणार आहोत. ते जोडपे आपल्या वस्तीतले नाही, आपल्या देशातलेही नाही, आणि आपल्या धम्माचे तर मुळीच नाही. उलट सांगायला जीभ अडखळते, पण सांगितलेच पाहिजे, की ज्या राज्याच्या घटनेत बुद्ध शासनाला अग्रस्थान दिलेले आहे, त्या श्रीलंकेतून जीव मुठीत धरून निघालेली ही माणसे आहेत.

नवऱ्याचे नाव नडेस, बायकोचे प्रिया. दोघेही तमिळ. ही नावे साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत छापून आलेली आहेत, म्हणून आम्ही घेतो. त्यांना दोन मुली. त्यांची नावेही छापून आलेली आहेत, पण लेकरांची नावे सभेत घ्यायची काही गरज नाही. आपण थोरली आणि धाकटी म्हणू.

प्रियाने जे सांगितले ते असे : युद्धाच्या काळात तिच्या डोळ्यांसमोर तिच्या गावातल्या माणसांना जिवंत जाळले, आणि त्यांत तिचे ज्याच्याशी लग्न ठरले होते तो माणूसही होता. पुढे तिचे कुटुंब समुद्र ओलांडून आपल्या भारतात आले. भारत कुणाला हाकलत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि तमिळनाडूत हजारो श्रीलंकन तमिळांना आसरा मिळाला हे खरेच आहे. पण निर्वासितांसाठी १९५१ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर भारताने कधी सही केलेली नाही. त्यामुळे राहा म्हणतात, पण कोण म्हणून राहायचे ते सांगत नाहीत. असा माणूस किती दिवस राहणार? प्रिया २०१३ साली बोटीने ऑस्ट्रेलियाला गेली. नडेस त्याच्या आधी, २०१२ साली, असाच बोटीने पोचला होता. दोघांची गाठ तिथे पडली आणि २०१४ साली लग्न झाले.

हे लग्न कसले, तर दोन लुटल्या गेलेल्या माणसांनी मिळून मांडलेली चूल. आमच्या साच्यावर जुने मुकादम म्हणायचे, तुटलेल्या दोन धाग्यांचा सांधा नीट बसला तर कापडात तो दिसत नाही. हे लग्न तसे बसले.

बिलोएला हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातले एक आडबाजूचे गाव. वस्ती सहा हजारांच्या आसपास. कोळशाची खाण आहे, वीजघर आहे, मोठा मांस कारखाना आहे, आणि तुम्हाला ऐकून बरे वाटेल, आसपास कापूसही पिकतो. नडेस मांस कारखान्यात कामाला लागला. मेलेल्या जनावरांचे काम. आपल्या बापजाद्यांना ज्या कामावरून गावाबाहेर ठेवले, ते काम तिथे पगाराचे, युनियनचे काम आहे. असो. दोन्ही मुलींचा जन्म ऑस्ट्रेलियातच झाला, थोरली २०१५ ची आणि धाकटी २०१७ ची.

५ मार्च २०१८. पहाटे पाचचा सुमार. दार वाजले. बाहेर सरकारची माणसे. प्रियाच्या परवान्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती. एका दिवसाचा उशीर! दहा मिनिटांत आवरा म्हणाले. धाकटी तेव्हा नऊ महिन्यांची होती. आईबापांना आणि लेकरांना घेऊन दीड हजार किलोमीटरहून लांब मेलबर्नला नेले आणि कोठडीत घातले. तिला ते तुरुंग म्हणत नाहीत, काहीतरी सोज्वळ नाव आहे. पण ज्या दाराला बाहेरून कुलूप आहे त्याला आम्ही कोठडीच म्हणतो.

आता तुम्ही विचाराल, मुली तिथे जन्मल्या ना, मग त्या तिथल्याच झाल्या. नाही. ऑस्ट्रेलियात १९८६ नंतर नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आईबापांपैकी एकजण नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. एवढ्यावर थांबले नाही. बोटीने आलेल्या माणसाचे मूलसुद्धा कायद्याने ‘बोटीने आलेले’ धरले जाते. म्हणजे जिने बोटीचे तोंड पाहिले नाही, ती तान्ही पोर बोटीने घुसलेली ठरली. जन्माच्या आधीच गुन्हा लागू! हे वाचले तेव्हा आम्हाला वाटले, हा कायदा आपल्या ओळखीचा आहे. जन्मावरून माणसाची जागा ठरवण्याचा धंदा फक्त मनूनेच केला असे नाही.

आणि गंमत पाहा, पुढे त्या कुटुंबाला तारले ते याच तान्ह्या पोरीने. आईबाप आणि थोरलीचे अर्ज फेटाळून झाले होते, पण धाकटीचा अर्ज कुणी धड तपासलाच नव्हता. त्या एका धाग्याला धरून वकील लढले. २९ ऑगस्ट २०१९ च्या रात्री चौघांना विमानात बसवले आणि विमान श्रीलंकेच्या दिशेने उडाले. इकडे वकिलांनी रात्रीच न्यायाधीशांना फोनवर गाठले. फोनवर मनाई हुकूम झाला आणि विमान डार्विनला उतरवावे लागले. आता सोडतील असे सगळ्यांना वाटले. पण सोडले नाही, ख्रिसमस नावाच्या बेटावर नेऊन ठेवले. ते बेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दीड हजार किलोमीटर, त्यापेक्षा इंडोनेशिया जवळ. एवढ्या मोठ्या कोठडीत तेव्हा हे चौघेच. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने सांगितले की धाकटीला न्याय्य वागणूक मिळाली नाही, आणि सरकारने दोन लाखांहून जास्त डॉलर खर्च द्यावा. तरी कुलूप काही निघाले नाही.

इथे थोडे थांबून आम्ही आमचे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आमचे लग्न १९९३ साली याच विहारात झाले. तेव्हा वर पत्रे होते, आणि पाऊस आला की भन्तेंचे शब्द ऐकू यायचे नाहीत. पांढरी साडी, दोन मेणबत्त्या, हुंडा नाही, बँड नाही. १९९८ साली गेटवर सभा घेतली म्हणून आम्हा सहा जणांना पोलिसांनी उचलले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरच्या भाकऱ्या घेऊन आल्या. कोठडीत आमच्या आधीपासून दोन पोरे होती, बांगलादेशी म्हणून पकडलेली. ती बंगालची होती की बांगलादेशची, देव जाणे, म्हणजे कुणीच जाणत नव्हते. आमच्या घरच्यांनी शिपायाला विचारून आत किती माणसे आहेत ते मोजले होते, आणि त्या दोघांनाही भाकरी दिली. आम्ही खरे तर चिडलो. घरात पीठ नाही, पगार बंद, आणि ही धर्मादाय वाटते! आम्ही गजाआडूनच बोललो, “आपल्याच पोरांना पुरत नाही.” त्या म्हणाल्या, “अहो, आत आठ माणसं आहेत, मी आठ जणांचं आणलं. मोजण्यात चूक झाली असेल तर सांगा.”

आम्हाला संध्याकाळी जामीन झाला. त्या दोन पोरांना दुसऱ्या दिवशी कुठे नेले ते आम्हाला कळले नाही. खरे सांगायचे तर आम्ही विचारलेच नाही. समतेवर भाषणे करणारे आम्ही, विचारले नाही. आमच्या घरच्या मात्र नंतर बरीच वर्षे मधूनच विचारायच्या, त्या पोरांचं काय झालं हो? आम्ही म्हणायचो, तुला काय करायचंय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्या करोनाने गेल्या. गिरणीचा भोंगा आदल्या वर्षाच्या मार्चपासूनच गप्प होता, त्यामुळे घरात बसून राहण्याला काही अडचण नव्हती. दवाखान्याच्या दारापलीकडे आम्हाला जाऊ दिले नाही. आम्ही नऊ दिवस समोरच्या फुटपाथवर होतो. दारावरच्या माणसाकडे पिशवी द्यायची, गाऊन, चष्मा, डबा. शेवटी चष्मा परत आला, डबा आला नाही. आम्ही त्या डब्यासाठी दोनदा चौकशी केली, याचे आता आमचे आम्हालाच नवल वाटते. जलदान विधीला पाच माणसे होती आणि परित्राण पाठ मोबाईलवर झाला. पुढचे दोन महिने आम्ही कुणाशी धड बोललो नाही. विहाराची किल्ली आमच्याकडे होती, तीसुद्धा पोराच्या हाती परत पाठवली, हे कार्यकारिणीला आठवत असेल.

जून महिन्यात पोराने मोबाईलवर बातमी दाखवली. त्या बेटावरची धाकटी आजारी पडली होती. बरेच दिवस ताप. आईबाप सांगत होते, पोरीला दवाखान्यात न्या, आणि तापाच्या गोळ्या देऊन बोळवण चालली होती. शेवटी ७ जूनला विमानाने पर्थ शहरात नेले. तेव्हा न्युमोनिया निघाला आणि रक्तात विष पसरलेले. सोबत आईला पाठवले. बापाला आणि थोरलीला बेटावरच ठेवले.

आम्ही ते वाचले आणि बराच वेळ त्या नडेसचा विचार करत बसलो. समुद्राच्या पलीकडे बायको आणि मरणाच्या दारातली पोर, इकडे हा सहा वर्षांच्या मुलीला जेवू घालतोय. पिशवी द्यायला दारसुद्धा नाही. एप्रिलनंतर पहिल्यांदा आम्हाला दुसऱ्या कुणासाठी वाईट वाटले. दुःखात माणूस कंजूष होतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. आपल्या दुःखातला एक तोळाही दुसऱ्याला द्यायला तयार होत नाही.

पोरगी वाचली. चौथा वाढदिवस दवाखान्यात झाला. त्यानंतर चौघांना पर्थमध्ये एकत्र ठेवले, पण गावी जाऊ दिले नाही.

आता बिलोएला गावाने काय केले ते सांगतो, कारण भाषणाचे नाव आम्ही तेच दिले आहे. हे गाव काही क्रांतिकारकांचे नाही. तिथली माणसे वर्षानुवर्षे उजव्या पक्षाला मत देणारी, आणि बोटवाल्यांना अडवा म्हणणारेही त्यांत होतेच. पण त्या पहाटेनंतर थोड्याच दिवसांत तिथल्या अँजेला फ्रेडरिक्स नावाच्या समाजसेविकेने सह्यांचा अर्ज सुरू केला. ब्रॉनविन डेंडल म्हणून दुसऱ्या बाई बरोबर उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे साधे होते : हे आमच्या गावचे कुटुंब आहे, आमचे आम्हाला परत द्या. मानवी हक्क, जागतिक करार, हे सगळे नंतर. आधी ‘आमच्या गावचे’. लाखो सह्या झाल्या. सभा झाल्या, मेणबत्त्या लावल्या, खासदारांकडे खेटे घातले, फोनवर त्या कुटुंबाला धीर देत राहिल्या. एक वर्ष नाही, चार वर्षे! मोर्च्याला पहिल्या दिवशी सगळेच येतात. चाळिसाव्या महिन्यात कोण येतो, ते आम्ही गिरणी कामगारांना कुणी शिकवायला नको.

सरकारची बाजू आम्ही लपवत नाही. सरकार म्हणत होते, यांचे अर्ज तपासले, वरच्या न्यायालयांपर्यंत गेले, हे निर्वासित ठरत नाहीत. नडेस युद्धाच्या काळात परदेशातून श्रीलंकेला जाऊन-येऊन होता, मग भीती कसली? आणि एकाला सोडले तर उद्या हजार बोटी निघतील, माणसे समुद्रात बुडून मरतील. बोटी बुडाल्या आणि शेकडो माणसे मेली, हेही खोटे नाही. यावर वाद होऊ शकतो. आमच्या मते तपासायचे ते तपासा, पण त्यासाठी तान्ह्या पोरीला कुलपात ठेवायची गरज काय? ती काय पळून जाणार होती?

२०२२ च्या मे महिन्यात तिथे निवडणूक झाली, सरकार बदलले, आणि आठवड्याभरात परवाना मिळाला. १० जूनला कुटुंब बिलोएलात परतले. दोन दिवसांनी धाकटीचा पाचवा वाढदिवस. कुलपाबाहेरचा तिचा पहिला वाढदिवस. ऑगस्टमध्ये चौघांना कायमचे राहण्याची परवानगी मिळाली.

आता अवघड भाग. २०२१ च्या त्या जून महिन्यात आम्ही एक पत्र लिहिले होते. इंग्रजी पोराकडून नीट करून घेतले. आमची इच्छा अशी की विहाराच्या लेटरहेडवर, विहाराचा शिक्का मारून जावे. आम्ही दोन-तीन जाणत्या मंडळींकडे विषय काढला. ती मंडळी आज इथे बसलेली आहेत आणि आमची त्यांच्याशी दुश्मनी नाही. ते म्हणाले, दादा, श्रीलंका म्हणजे आपला बौद्ध देश, तिकडून भन्ते येतात, बोधिवृक्षाचे रोप तिकडचे, कशाला आपण त्यांच्याविरुद्ध कागद करायचा? आम्ही पत्र घडी करून कपाटात ठेवले.

त्यावर आज बोलतो. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते. त्या देशाबद्दल आपल्याला ममत्व आहे, असलेच पाहिजे. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४८ साली, त्या देशाने चहाच्या मळ्यात राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांचे नागरिकत्व कायद्याने नाकारले होते. मजूर होते हो ते, तुमच्या आमच्यासारखे. आणि १९५६ हे वर्ष आपल्याला कसे माहीत आहे? १४ ऑक्टोबर, नागपूर. त्याच वर्षी श्रीलंकेने फक्त सिंहली हीच राज्यभाषा असा कायदा केला, आणि त्यासाठी चीवर घातलेले भिक्खू रस्त्यावर उतरले होते. ज्या पंतप्रधानांनी, बंडारनायकेंनी, तो कायदा केला त्यांनाच १९५९ साली एका भिक्खूने गोळ्या घातल्या. १९८१ साली जाफनाचे ग्रंथालय जाळले. हजारो पुस्तके, ताडपत्र्या! महाड आणि औरंगाबादचे नाव घेणाऱ्या माणसाला पुस्तके जाळल्याचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. १९८३ साली कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि २००९ पर्यंत युद्ध चालले. दुसऱ्या बाजूचे वाघही काही संत नव्हते. १९८७ साली त्यांनी अरंतलावा येथे भिक्खूंच्या बसवर हल्ला करून कोवळ्या सामणेरांनाही मारले. हेही सांगतो, नाहीतर म्हणाल दादा एकच बाजू मांडतात.

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. पहिलाच भाग उघडून पाहा. सिद्धार्थ घराबाहेर का पडला? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, ही गोष्ट बाबासाहेबांनी मानली नाही. त्यांनी सांगितले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण. शाक्य आणि कोलियांचे. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थने विरोध केला, आणि संघाने त्याला पेचात धरले : युद्धाला चल, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार, जमीन जप्त. घरच्यांना झळ लागू नये म्हणून त्याने स्वतः देश सोडायचे कबूल केले. तरुण बायको, तान्हे मूल मागे ठेवून. यशोधरेने त्याला अडवले नाही. आपल्या माणसांनी मांडलेल्या युद्धाला नाही म्हटले म्हणून देशाबाहेर जावे लागलेला तो माणूस होता, आणि त्याची मूर्ती आपण इथे बसवली आहे. नडेस आणि प्रिया हे त्याच्या जवळचे, की त्यांना हाकलणारे त्याच्या जवळचे, हे आम्ही नवीन जोडप्यांनी आपसांत बोलावे असे म्हणतो. आज रात्री जेवताना बोला. नवरा-बायको पगाराशिवाय दुसऱ्या कशावर बोलत नाहीत, अशी आमच्या घरच्यांची तक्रार असायची.

तर ते पत्र. त्यात विशेष काही नव्हते. आम्ही अमुक ठिकाणचे बौद्ध कामगार, तुमच्या मुलीचा ताप उतरला का ते कळवा, एवढेच होते. आता ते पाठवण्यात अर्थ नाही. मुलगी शाळेत जाते, आणि त्या कुटुंबाला जगाने आता निवांत राहू द्यावे. म्हणून आम्ही नवीन लिहिले आहे, बिलोएला गावच्या लोकांना. त्यांनी जे केले ते इथे एका वस्तीत वाचले गेले, एवढे त्यांना कळावे. पत्राच्या खाली आम्ही १९९८ सालच्या त्या दोन पोरांबद्दलही लिहिले आहे. त्यांचे काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही, असे लिहिले आहे.

खीर वाटपाच्या टेबलाशेजारी ते ठेवले आहे. ज्यांना वाटेल त्यांनी सही करावी, मराठीत केली तरी चालेल. विहाराचा शिक्का मारायचा की नाही, ते कार्यकारिणीने ठरवावे. शिक्का नाही मारला तरी सोमवारी आम्ही ते पोस्टात टाकणार आहोत.

जयभीम.